करडई पेरली, तेल गोठायच्या आत

माझी आई कलकत्त्यात राहणार की सोलापूरला परत जाणार, हे गेल्या हिवाळ्यात करडईच्या भाजीवर ठरायचं होतं. डॉक्टरवर नाही, माझ्यावर नाही, तिच्या लाडक्या जावयावरसुद्धा नाही. वाटीभर भाजीवर.

झालं असं की ऑगस्टात ती सोलापूरच्या घरी न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. त्याहून वाईट म्हणजे चार दिवस मला कळवलंच नाही. शेवटी शेजारणीनं फोन केला. तेव्हा मी ऑफिसात एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या इमारतीतले लोक भूकंप समजून जिने उतरायला लागले. प्लास्टर निघाल्याबरोबर गेले आणि तिला उचलून घेऊन आले. बदली होऊन डमडमला आम्हाला तीन वर्षं झाली होती. सरकारी नोकरीत एवढं मोठं घर कधी मिळत नाही ते मिळालं होतं, वर अख्खी गच्ची, मुलगी शिकायला बाहेरगावी, तिची खोली रिकामी. "आता इथंच राहायचं," असं मी हावडा स्टेशनपासून डमडमपर्यंतच्या टॅक्सीत तिला अदमासे एकशे चाळीस वेळा सांगितलं. टॅक्सीवाल्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण उतरताना तोही आईकडे बघून "थेके जान, मासिमा" म्हणाला. राहून जा, मावशी, म्हणे.

दोन दिवसांनी आईनं बॅगेतून पावडरचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत पांढरंशुभ्र, टणक बी. मावशीच्या रानातली करडई. दोन मुठी.

"हे पेर," ती म्हणाली. "भोगीच्या दिवशी माझ्या ताटात करडईची भाजी पडली, कोवळी, तर मी इथं राहते. नाही पडली तर संक्रांत झाल्यावर मला गाडीत बसवायचं. मग रडणं नाही, भांडणं नाही."

"आणि तू मला सांगशील ना कधी, कशी..."

"मी काही सांगायची नाही, हात लावायची नाही. तुझं तू."

आमच्या घरात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि शेजारी करडई, हे वडील असताना होतं, वडील गेल्यावरही राहिलं. करडई तेलासाठी पेरतात, पण लहान वयात तिचा पाला भाजीला येतो. वय जरा वाढलं की पानाच्या कडेला काटे धरतात आणि मग त्या पानाला शेळीसुद्धा विचार करून तोंड लावते. म्हणजे प्रश्न उगवण्याचा नव्हता. ठरलेल्या दिवशी कोवळी असण्याचा होता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी बढाया मारण्यात गुंतले होते.

"आई, ही बंगालची माती आहे! इथं छत्री टेकवून ठेवली तर तिला पानं फुटतात. मागच्या पावसाळ्यात यांच्या बुटात पालक उगवला होता."

"खोटं," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला. "शेवाळ होतं."

"भोगीला तुला वाटीभर नाही, घमेलंभर वाढते."

"वाढ की," आई म्हणाली.

पेरायला जागा म्हणून मी मासळी बाजारातून थर्माकोलची खोकी आणली. इथं अर्ध्या शहराची गच्चीवरची बाग याच खोक्यांत असते. मी ती धुतली, घासली, पुन्हा धुतली, तरी तीन दिवस उत्तर कलकत्त्यातली झाडून सगळी मांजरं आमच्या गच्चीवर मुक्कामाला होती. आणि मग दसरा आला. आपट्याची पानं इथं मिळत नाहीत, म्हणून आम्ही कांचनाची पानं एकमेकांना सोनं म्हणून दिली, आणि त्याच हातांनी मी एक मूठ करडई पेरून मोकळी झाले. का? तर दसरा झाला की करडई पेरायची, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. आमच्याकडचा पाऊस तोवर संपतो, जमिनीत ओल असते, आभाळ निळं होतं. जणू तेच आभाळ मी बॅगेत घालून इकडे आणलं होतं.

आई खुर्ची टाकून बघत बसली होती.

चौथ्या दिवशी बी उगवलं. मी सगळ्या इमारतीला बोलावून दाखवलं. आठव्या दिवशी समुद्रावरून ढग आले आणि असा पाऊस लागला की खालच्या गल्लीत रिक्षा तरंगत गेल्या. थांबला तेव्हा ऊन असं पडलं की खोक्यातल्या मातीतून वाफा निघत होत्या. कोवळी रोपं मानेशी काळी पडून एकेक आडवी झाली. दोन दिवसांत एकही उभं राहिलं नाही.

"जगली असती तरी काय," आई म्हणाली. "दसऱ्याला पेरलेली भोगीला खायची म्हणजे काटेच चावायचे होते."

"मग आधी का नाही बोललीस?"

"ठरलं होतं ना, बोलायचं नाही."

आता डब्यात एकच मूठ उरली होती. मावशीकडून आणखी बी मागवावं म्हटलं, तर आई म्हणाली, "ते यात धरलेलं नाही." नोव्हेंबरच्या मध्यावर, जानेवारीचं आरक्षण उघडल्याबरोबर, ती नवऱ्यासमोर जाऊन बसली.

"जावईबापू, तिकीट काढा. संक्रांतीनंतरचं. लागलं नाही तर रद्द करता येतं ना?"

"आई, माझ्या हातून ते बटण दाबलं जाणार नाही."

"मग कुठलं ते दाखवा. मी दाबते."

आणि डाव्या हाताच्या बोटानं तिनं दाबलं. कन्फर्म. खालचा बर्थ. त्या दिवसापासून फायली बघताना डोळ्यांसमोर सोलापूरचं न्हाणीघर, ओली फरशी आणि बाहेरून कडी लावलेलं रिकामं घर.

आमच्या बाजारात पालेभाज्या घेऊन एक मासी, म्हणजे बंगालीतली मावशी, बसते. बजबजकडून पहाटेच्या लोकलनं येते, पालेभाजीखेरीज दुसरं काही विकत नाही आणि गिऱ्हाइकावर मेहेरबानी केल्यासारखी बोलते. माझ्या तीन वर्षांच्या बंगालीत मी तिला सगळं सांगितलं. करडई तिनं जन्मात पाहिली नव्हती. डब्यातलं बी तिनं दाताखाली धरलं, थुंकलं, आणि म्हणाली, "थंडीतलं शाक आहे ना? मग दुर्गापूजेला कुणी पेरतं का? तू ऑफिसर कशी झालीस?"

"मासी, आता सांग, कधी पेरू?"

"खायचंय कधी?"

"पौष संक्रांतीच्या आदल्या दिवशी."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. "पंचेचाळीस दिवस आधी."

आई माझ्याबरोबर होती. नियमाप्रमाणे तोंड मिटून. पण तिला राहवेना. "काय म्हणते ही?"

"पंचेचाळीस दिवस म्हणते."

"हॅ! पंचेचाळीस दिवसांत करडईचं दाभण होतं दाभण. तिसाव्या दिवशी खुडायची." मग एकदम पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी काही बोलले नाही."

मासीनं आईकडे पाहिलं. भाषा कळली नव्हती, पण हेटाळणी बरोबर पोचली होती. ती मला म्हणाली, "मासिमांना सांग, त्यांच्या देशात दिवसा ऊन असतं. इथं पौषात सूर्य दहाला येतो नि तीनला घरी जातो. ज्या सकाळी बाटलीतलं नारळाचं तेल गोठेल, त्या दिवसापासून माती झोपली. मग पेरलेलं बी उगवतं, पण बसून राहतं. बोशे थाके. त्याच्या आत मुळं धरली पाहिजेत."

म्हणजे एकीकडे आईचे तीस दिवस, डिसेंबरच्या मध्यावर पेरणी. दुसरीकडे मासीचे पंचेचाळीस, नोव्हेंबरच्या शेवटी. लवकर पेरावं आणि थंडी पडली नाही तर भोगीला काटे. उशिरा पेरावं आणि थंडी पडली तर भोगीला दोन-दोन पानांची बाळं.

"अर्धं आता पेर, अर्धं नंतर," नवरा म्हणाला. माणूस हुशार आहे, पण त्यानं कधी पालेभाजी शिजवलेली नाही. मूठभर बियांचा पाला कढईत पडला की आक्रसून चमचाभर होतो. अर्ध्या मुठीची भाजी आईच्या ताटात ठेवली असती तर तिनं ती चटणी समजून भाकरीला लावली असती.

मग मी तेलाच्या बाटलीवर पहारा बसवला. न्हाणीघराच्या खिडकीत ती ठेवली आणि रोज सकाळी दात घासायच्या आधी बघायची. पातळ. पातळ. पातळ. मंत्रालयातली फाइल हलावी तसा नोव्हेंबर हलत होता. आई केसांना लावायला बाटली मागायची, तर मी ती दोन बोटांत धरून आणून द्यायची आणि पुन्हा नेमकी तिथंच ठेवायची. "वेड लागलंय पोरीला," ती जावयाला सांगायची. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी बाटलीच्या तळाशी पांढुरका धूर दिसला. गोठलं नव्हतं, पण मनात आणलं होतं. मी चहासुद्धा घेतला नाही. त्याच पावली गच्चीवर गेले आणि शेवटची मूठ पेरली. डबा उलटा करून ठोकला, एक बी कडेला अडकलं होतं तेही सुईनं काढलं.

दोन दिवसांनी तेल बाटलीत दगड झालं. इतकं, की चमच्यानं खरवडून काढावं लागलं.

रोपं उगवली आणि बसली. मासी म्हणाली होती तशी, पाटावर पाहुणे बसावेत तशी बसली. डिसेंबरचे दोन आठवडे ती दोन बोटांच्या वर गेली नाहीत. सकाळी धूर आणि धुकं, ऊन येतं न येतं तोच सावल्या लांब. मी दर दोन तासांनी खोकी सरकवत उन्हाच्या मागे धावायची. सुट्टीच्या दिवशी असं हावड्यापर्यंतचं अंतर कापलं असेल. तरी मनात आलंच, आईचं ऐकलं असतं तरी हीच गत झाली असती, उलट अजून वाईट. पण त्या समाधानाचं काय करायचं? भोगीला रोपं बोटाएवढी राहिली तर मासी बरोबर होती म्हणून आई राहणार नव्हती.

आणि नाताळाच्या सुमाराला उत्तरेचा वारा पडला. ढग आले, स्वेटर उतरले, तेल बाटलीत पुन्हा पातळ झालं. करडईनं एका आठवड्यात वीतभर उंची गाठली. आधी मी नाचले. मग एका सकाळी, रोजच्यासारखं, एक पान गालावरून फिरवलं. काटा डोळ्याला दिसायच्या आधी गालाला कळतो, ही माझी तपासणी. त्या दिवशी पानानं गालाला हलकेच ओरखडलं.

भोगीला दोन आठवडे होते.

मी तशीच, गाउनवर शाल टाकून, बाजारात गेले. मासी मुळ्याच्या जुड्या बांधत होती.

"कडा टोचतायत, मासी."

"सगळ्या?"

"वरच्या."

"मग रडतेस काय? डोकी उडव. शेंडा मोड. बाजूनं कोवळं फुटेल. थंडी परत आली तर वाचलीस."

"आणि नाही आली तर?"

"तर मुळा घेऊन जा," मासी म्हणाली आणि जुडी पुढे केली.

मी एकेक शेंडा मोडला. मोडताना प्रत्येक रोपाची माफी मागत होते. हे अतिशयोक्तीनं सांगत नाही, माझ्यासारखीच्या तोंडी हे वाक्य विचित्र वाटेल तरी. सगळ्या खोक्यांत बोडकी देठं उभी राहिली. दुपारी उष्मा नको म्हणून मी त्यांच्यावर नवऱ्याच्या तीन छत्र्या बांधल्या, आणि एके दिवशी फ्रिजमधलं पाणी घातलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की कुणाला ताप आहे का.

चौथ्या दिवशी वारा फिरला. पाचव्या दिवशी तेल गोठलं. बोडक्या देठांच्या बगलेतून फुटवे आले, पोपटी, सशाच्या कानांसारखे मऊ. मी ते गालावरून फिरवले, ओठांवरून फिरवले. काही टोचत नव्हतं.

भोगीच्या तीन दिवस आधीची गोष्ट. शनिवारची सकाळ. मी पाण्याची बादली घेऊन जिना चढत होते. वर गच्चीच्या दारापाशी आईचा आवाज आला. ती उन्हात खुर्ची टाकून सोलापूरच्या शेजारणीशी फोनवर बोलत होती. ऐकू कमी येतं म्हणून ओरडूनच.

"अगं, लेकीनं हौसेनं आणलं. तोंडावर नाही कसं म्हणू? म्हणून मध्ये करडई घातली. म्हटलं, ती काही इथल्या दमट हवेत यायची नाही, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको..." मग बराच वेळ पलीकडची बोलत असावी. "तेच तर सांगतेय. आलीय गं! हिरवीगार आलीय. काय करू आता? ... नाही, कसं म्हणू? शब्द दिलाय... इथं काय कमी आहे गं, सगळं हातात मिळतं. तेच. सगळं हातात मिळतं. दिवसभर मी नुसती बसून."

मी बादली पायरीवर ठेवली आणि पाय न वाजवता खाली आले.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. खोक्यांना पाणी घातलं नाही तर पान एका दिवसात निबर होणार होतं आणि सगळा प्रश्न मिटणार होता. पण न्हाणीघरातली ओली फरशी डोळ्यांपुढून जात नव्हती. तिचा शब्द माझ्या हातात आला होता. शब्द म्हणजे तिच्या लेखी काय, हे मला पुरतं ठाऊक होतं. ती राहिली असती, तक्रार न करता, रोज सकाळी खुर्चीत. मी तिला जिंकलं होतं. रोज दोन वेळा मी खोक्यांना पाणी घातलं.

भोगीच्या सकाळी मी आणि नवऱ्यानं मिळून फुटवे खुडले. टोपली शीग लावून भरली. बाजरीचं पीठ बडाबाजारातून आणून ठेवलं होतं. लसूण ठेचून, सुक्या मिरच्या तेलात टाकून, भिजवलेली मुगाची डाळ घालून भाजी केली. कढईत ती अर्धी झाली, मग पाव झाली, पण वाटी भरली. घमेलं नाही, वाटी.

आई ताटावर बसली. वाटीकडे बघितलं. चेहरा असा केला की ज्यानं तो फोन ऐकला नसेल त्याला आनंदच वाटावा. घास केला. चावला. दुसरा घास केला.

"कोवळी आहे," ती म्हणाली. हात थांबला. मग ताठ बसली. "शब्द म्हणजे शब्द. जावईबापू, जेवण झालं की ते तिकीट रद्द करा."

नवऱ्याचं तोंड फुललं. त्याचा हात खरोखरच खिशातल्या फोनकडे गेला.

"थांबा," मी म्हणाले. "आई, ही करडई नाही."

"काय?"

"आपली परवाच निबर झाली. काटे आले. तुला सांगायची लाज वाटली म्हणून उपटून टाकली. ही मासीकडची. मोहरीचा कोवळा पाला आहे, त्यात थोडा हरभऱ्याचा. म्हटलं, चालून जाईल."

नवरा काहीतरी बोलायला लागला. सकाळभर त्याच्याच बोटांनी तो पाला खुडला होता, नखं अजून हिरवी होती. मी ताटाआडून त्याचा पाय असा दाबला की त्याला तिसऱ्या पिढीपर्यंत लक्षात राहील.

आई माझ्याकडे बघत राहिली. चौऱ्याहत्तर भोग्या जेवलेली बाई. करडई आणि मोहरी तिला डोळे मिटून नुसत्या वासानंसुद्धा वेगळी कळते. मी नजर ताटातच ठेवली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"तरीच," ती म्हणाली. "म्हटलं, अशी उग्र का लागतेय."

"बाजारची ती बाजारचीच," मी म्हणाले.

"फसवायला निघालीस आईला."

"चुकलं."

"मग जायला हवं मला."

"जायला हवं. पण न्हाणीघरात रबराची चटई टाकायची, दोन दांडे बसवायचे, मी स्वतः येऊन बसवणार. आणि रोज सकाळी फोन. पडलीस, घसरलीस, नुसतं ठेचकाळलीस तरी त्याच दिवशी सांगायचं."

"सांगेन."

"नक्की?"

"तुझ्यासारखी थोडीच आहे मी, खोटं बोलायला," आई म्हणाली, आणि वाटी पुढे केली. "वाढ अजून. कढईत आहे ना?"